एरिक बोगल आणि त्यांची गाणी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एरिक बोगल कोण? हे नाव कधी कानावर आलेलं नाही.

नाव आलं नसेल, गाणं मात्र आलेलं असू शकतं. डब्लिनच्या एखाद्या पबमध्ये रात्री उशिरा सगळे मिळून 'विली मॅकब्राइड'चं गाणं म्हणतात, ते बोगल यांचं. ऑस्ट्रेलियात 25 एप्रिलच्या आसपास रेडिओवर दोन्ही पाय गमावलेल्या म्हाताऱ्या सैनिकाचं गाणं लागतं, तेही त्यांचंच. स्कॉटलंडमध्ये जन्मलेला, ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेला, पेशाने अकाउंटंट असलेला हा गृहस्थ गाणी लिहू लागला आणि त्यातल्या दोन गाण्यांनी त्याचं नाव मागे टाकून जगभर स्वतंत्र संसार थाटला. ही गाणी पारंपरिक आहेत, कोणी लिहिली कोणास ठाऊक, असं छातीठोकपणे सांगणारे लोक आजही भेटतात. आपण पहिल्या महायुद्धातच खंदकात मेलो असाही पुष्कळांचा समज आहे, असं बोगल स्वतःच हसत सांगतात. प्रत्यक्षात त्यांचा जन्म ते युद्ध संपल्यानंतर जवळजवळ 26 वर्षांनी झाला.

जन्म, घर, शिक्षण?

23 सप्टेंबर 1944, पीबल्स. एडिंबराच्या दक्षिणेला, ट्वीड नदीकाठचं हे छोटं गाव. वडील लाकूडतोडीचं काम करायचे आणि बॅगपाइप वाजवायचे. एरिक आठव्या वर्षापासून कविता लिहू लागले, सोळाव्या वर्षी शाळा सुटली. मग मजुरी, कारकुनी, बारमध्ये ग्लास भरणं अशी मिळेल ती कामं.

त्याआधी, पन्नासच्या दशकात, ब्रिटनभर 'स्किफल'चं वेड होतं. एक स्वस्तातली गिटार, कपडे घासायची पन्हळी फळी आणि चहाच्या खोक्याला दांडा-दोरी लावून केलेला बास एवढ्यावर पोरं बँड काढत. ग्लासगोत जन्मलेला लॉनी डॉनेगन हा या मंडळींचा हिरो. बोगल गिटार शिकले ते याच लाटेत, स्वतःचं स्वतः. 'एरिक अँड द इन्फॉर्मर्स' नावाचा त्यांचा एक बँडही होता. त्याने फार दिवे लावले नाहीत.

वडिलांच्या बॅगपाइपचा उल्लेख मात्र विसरू नका. पुढे एका गाण्यात तो सूर परत येणार आहे.

ते ऑस्ट्रेलियाला का गेले?

साठच्या दशकात ब्रिटनमधून हजारो माणसं जशी गेली, तसेच. 1969 साली, पंचविशीत. कॅनबेरात त्यांनी हिशेबतपासणीचं शिक्षण घेतलं, नोकरी धरली आणि संध्याकाळी लोकसंगीताच्या क्लबात गाऊ लागले. पूर्ण वेळ गायक झाले ते 1980 च्या सुमारास. पुढे मुक्काम दक्षिण ऑस्ट्रेलियात, ॲडलेडच्या बाजूला.

घर सोडतानाचा प्रसंग त्यांनी 'लीव्हिंग नॅन्सी' या गाण्यात बांधला आहे. नॅन्सी म्हणजे त्यांची आई. रेल्वे स्टेशन, निघायला आलेली गाडी, न रडायचं ठरवून उभी असलेली आई आणि काय बोलावं हे न सुचणारा मुलगा. गाण्यात घडत काहीच नाही, फक्त गाडी सुटते. मुलं परदेशी गेलेल्या मराठी घरांना यातलं काहीही समजावून सांगायची गरज नाही. आपल्याकडे स्टेशनऐवजी विमानतळाचा काचेचा दरवाजा असतो इतकंच.

त्यांना स्कॉटिश म्हणायचं की ऑस्ट्रेलियन?

दोन्ही. गाण्यांचे विषय बरेचसे ऑस्ट्रेलियाचे, बोलण्यातला हेल अजूनही स्कॉटिश. माझ्या मते त्यांच्या उत्तम गाण्यांमागे हे अर्धं उपरेपणच आहे. आपल्या अंगणातली मिरवणूक आपल्याला नवी वाटत नाही. परगावाहून आलेला माणूस फुटपाथवर थांबतो आणि विचारतो, हे कशासाठी चाललं आहे?

'अँड द बँड प्लेड वॉल्ट्झिंग मटिल्डा' हे गाणं कसं सुचलं?

नेमकं असंच. 1971 मध्ये कॅनबेरात त्यांनी माजी सैनिकांचं संचलन पाहिलं. 25 एप्रिल हा ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडचा 'अँझॅक डे'. 1915 मध्ये या दिवशी त्यांचं सैन्य तुर्कस्तानातल्या गल्लीपोली द्वीपकल्पावर उतरलं होतं. मोहीम सपशेल फसली. आठ महिन्यांत आठ हजारांहून जास्त ऑस्ट्रेलियन मेले आणि शेवटी माघार घ्यावी लागली. पण याच पराभवातून 'आपण एक राष्ट्र आहोत' ही भावना जन्मली असं तिथे मानतात, त्यामुळे तो दिवस अतिशय पवित्र. सिडनी-मेलबर्नला राहणाऱ्या मराठी मंडळींना ती सुट्टी आणि पहाटेची मानवंदना चांगली ठाऊक असेल.

बोगल संचलन बघत होते तेव्हा व्हिएतनाम युद्ध चालू होतं आणि ऑस्ट्रेलियाची मुलं तिथे लढत होती. त्या युद्धावर थेट लिहिण्यापेक्षा त्यांनी पन्नास-पंचावन्न वर्षं मागे जाऊन गल्लीपोलीवर लिहिलं. बाण मारायचा होता व्हिएतनामवर, नेम धरला जुन्या, सर्वांना पूज्य असलेल्या युद्धावर.

गाणं एक म्हातारा सांगतो. तरुणपणी पाठीवर वळकटी टाकून रानोमाळ भटकणारा हा गडी. 1915 मध्ये देश म्हणतो, भटकणं पुरे, आता लढायला चल. जहाज धक्क्यावरून सुटतं, लोक झेंडे हलवतात, बँड 'वॉल्ट्झिंग मटिल्डा' वाजवतो. ही ऑस्ट्रेलियाची लाडकी धून, चाल मूळची स्कॉटिश, 1895 साली बँजो पॅटरसन यांनी शब्द दिलेली. तीही एका वळकटीवाल्या भटक्याचीच गोष्ट. पुढच्या कडव्यात तोफा. मग इस्पितळ. जाग आल्यावर तो पांघरुणाखाली पाहतो आणि मरणापेक्षा वाईट काही असू शकतं हे त्याला कळतं. आता वळकटी उचलून चालणं नाही. जहाज परत सिडनीच्या सर्क्युलर की धक्क्याला लागतं. जिथे पाय असायचे तिथे बघून तो देवाचे आभार मानतो, की आपल्यासाठी रडायला इथे कोणी आलेलं नाही. बँड तीच धून वाजवतो, लोक मात्र तोंड फिरवतात.

शेवटी तो ओसरीवर बसून दर एप्रिलला जुन्या सोबत्यांचं संचलन बघतो. तरुण पोरं विचारतात, हे कशासाठी चालतात? तो म्हणतो, मलाही तोच प्रश्न पडतो.

ध्रुवपदात बँड तोच आणि धूनही तीच, पण प्रत्येक वेळी तिच्या आजूबाजूचं सगळं बदललेलं असतं. सगळी कारागिरी इथे आहे. एकही घोषणा नाही. मूळ गाणं याहून लांब होतं, ते त्यांनी कापून पाच कडव्यांवर आणलं. हिशेबनीस माणूस, वजाबाकी जमते.

या गाण्याला स्पर्धेत तिसरा नंबर मिळाला होता, हे खरं?

खरं. 1974, ब्रिस्बेन, राष्ट्रीय लोकसंगीत महोत्सव. गीतलेखन स्पर्धेचं पहिलं बक्षीस होतं ओव्हेशन कंपनीची एक गिटार, आणि बोगल यांचा डोळा त्या गिटारवर होता. पहिल्या गाण्याला शिष्टाचारापुरत्या टाळ्या पडल्या. दुसरं 'मटिल्डा'. ते संपल्यावर क्षणभर सभागृहात काहीच आवाज नाही. बोगल यांना वाटलं, गेलं, आपण माती केली. मग टाळ्यांचा असा कडकडाट झाला की गिटार आपलीच, अशी त्यांची खात्री पटली. परीक्षकांनी तिसरा क्रमांक दिला. प्रेक्षक चिडले, आरडाओरडा झाला आणि त्या गोंधळामुळेच गाण्याकडे सगळ्यांचं लक्ष गेलं.

श्रोत्यांमध्ये चॅनल बेटांवरून आलेली एक गायिका होती. तिने ते गाणं उचललं आणि इंग्लंडमधल्या एका महोत्सवात गायलं. तिथे ते इंग्लिश गायिका जून टेबर यांनी ऐकलं आणि 1976 च्या 'एअर्स अँड ग्रेसेस' या अल्बममध्ये घेतलं, तेही कोणत्याही वाद्याच्या साथीशिवाय. हा प्रवास बहुतेक तोंडातोंडीच झाला. मागे कंपनी नाही.

गाण्यात इतिहासाच्या चुका आहेत म्हणे?

आहेत. गाण्यात ऑस्ट्रेलियन सैनिक सुव्ला खाडीत उतरतात. प्रत्यक्षात ते एप्रिलमध्ये दक्षिणेकडच्या अँझॅक कोव्हला उतरले. सुव्लाचं आक्रमण ऑगस्टमधलं आणि मुख्यतः ब्रिटिश फौजांचं. ऑस्ट्रेलियन नौदलाची पूल बांधणारी एक तुकडी तिथे होती, पण गाण्याचा नायक त्यातला वाटत नाही. त्याला पत्र्याचं शिरस्त्राण दिल्याचं गाण्यात आहे. तशी शिरस्त्राणं त्या सैन्याला नंतर मिळाली. शिवाय त्या युद्धात ऑस्ट्रेलियातून गेलेले सारे स्वयंसेवक होते. सक्तीच्या भरतीसाठी 1916 आणि 1917 मध्ये सार्वमत घेतलं, दोन्ही वेळा लोकांनी 'नाही' म्हटलं.

याने गाणं पडतं का? मला नाही वाटत. 'सुव्ला' हे दोन अक्षरांत बसणारं, गाता येणारं नाव आहे. बखर आणि पोवाडा यांना आपण एकच माप लावत नाही.

गल्लीपोलीत भारतीय सैनिक होते का?

हो, हजारोंनी. 29 व्या भारतीय ब्रिगेडमधले शीख आणि गुरखा, डोंगरी तोफखाना आणि खेचरांवरून पाणी-दारूगोळा वाहणारे जवान. 25 एप्रिललाच अँझॅक तुकड्यांबरोबर भारतीय डोंगरी तोफा किनाऱ्यावर उतरल्या होत्या. मराठा पलटणींचं नाव मात्र त्याच महायुद्धात मुख्यतः मेसोपोटेमियाशी, कूतच्या वेढ्याशी जोडलेलं आहे. बोगल यांच्या गाण्यात भारतीय नाहीत. ते एका माणसाचं गाणं आहे, मोहिमेचं नाही.

'नो मॅन्स लँड', 'द ग्रीन फील्ड्स ऑफ फ्रान्स' आणि 'विली मॅकब्राइड' ही तीन वेगळी गाणी आहेत का?

एकच गाणं, तीन नावं. बोगल यांनी दिलेलं नाव 'नो मॅन्स लँड'. आयर्लंडमध्ये फ्युरी बंधू आणि डेव्ही आर्थर यांनी 1979 मध्ये ते 'द ग्रीन फील्ड्स ऑफ फ्रान्स' म्हणून गायलं आणि तिथे ते महिनोन् महिने गाजत राहिलं. तिसरं नाव लोकांनी ठेवलं.

1975 मध्ये बोगल यांनी उत्तर फ्रान्स आणि फ्लँडर्समधल्या युद्ध-दफनभूमी पाहिल्या. एकसारख्या पांढऱ्या दगडांच्या ओळी, छाटलेलं गवत, नावं, वयं. त्यातून सुचलेल्या गाण्यात एक वाटसरू दिवसभर चालून दमतो आणि उन्हात एका थडग्याशेजारी टेकतो. दगडावर नाव असतं विल्यम मॅकब्राइड, वय 19, साल 1916. तो त्या पोराशी गप्पा मारू लागतो. लवकर सुटलास ना रे? मागे बायको, प्रेयसी कोणी होती का? की कुणाच्या घरी तपकिरी चामड्याच्या चौकटीत काचेमागे पिवळा पडत चाललेला फोटो, एवढाच उरला आहेस?

ध्रुवपदातही प्रश्नच आहेत : तुला पुरताना ढोल हळू वाजवला का, बिगुल वाजला का, पाइपवर 'फ्लॉवर्स ऑफ द फॉरेस्ट' वाजली का? ही शेवटची धून म्हणजे स्कॉटलंडचा जुना शोकसूर, 1513 मधल्या फ्लॉडनच्या लढाईत पडलेल्यांसाठीचा. आजही ती अंत्ययात्रेत आणि स्मृतिदिनालाच वाजवण्याचा रिवाज आहे. बॅगपाइप वाजवणाऱ्या बापाच्या घरात वाढलेला माणूसच हा प्रश्न इतक्या सहज विचारू शकतो.

मग तिसऱ्या कडव्यात ऊन, वारा, नाचणारी पॉपीची फुलं, नांगराखाली बुजलेले खंदक. ऐकणारा सैल होतो. आणि चौथ्यात वाटसरू सरळ विचारतो : आपण का मरतोय हे तुला माहीत होतं का? या युद्धाने युद्धं संपतील असं तुला खरंच वाटलं होतं? कारण विली, ते सगळं पुन्हा झालं. पुन्हा, आणि पुन्हा.

विली मॅकब्राइड खरा होता का?

त्या नावाचे एकापेक्षा जास्त सैनिक महायुद्धात मेले. फ्रान्समध्ये ओतुई इथल्या दफनभूमीतल्या एका थडग्यावर लोक मुद्दाम जातात. पण गाण्यातला विली हा कोणा एकाचं चरित्र नाही. एकोणीस हे वय आणि सोळा हे साल इंग्रजीत यमकाला सोयीचं आहे, हेही विसरू नये. आयरिश वळणाचं नाव मात्र बोगल यांनी जाणूनबुजून घेतलं. सत्तरच्या दशकात ब्रिटनमध्ये आयरिश माणसाकडे संशयाने पाहिलं जायचं. ब्रिटनसाठी मेलेल्यांत हजारो आयरिश होते याची आठवण त्यांना द्यायची होती.

म्हणजे हे आयरिश गाणं नाही?

नाही. ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या स्कॉटिश माणसाने फ्रान्समधल्या थडग्यावर लिहिलेलं आहे. आयरिश लोकांनी दत्तक घेतलं आणि चांगलं सांभाळलं, हे कबूल. हान्नेस वाडर यांनी 1980 मध्ये ते जर्मनीत नेलं, तिथे ते शांतता चळवळीचं गाणं झालं. फ्रेंचमध्ये रनो यांनी गायलं. अमेरिकेत ड्रॉपकिक मर्फीज यांनी.

2014 चा वाद काय होता?

महायुद्धाची शताब्दी होती. ब्रिटनमधल्या माजी सैनिकांच्या संस्थेने, रॉयल ब्रिटिश लीजनने, त्या वर्षीच्या पॉपी निधीसाठी 'नो मॅन्स लँड' निवडलं. गायिका जॉस स्टोन, गिटारवर जेफ बेक. गाणं रॉक ढंगात केलं आणि शेवटची कडवी गाळली. म्हणजे दमलेला वाटसरू राहिला, कोवळा विली राहिला, आणि 'का मेलास?' हा प्रश्न गेला. लोक संतापले, सह्यांची मोहीम निघाली.

बोगल यांनी स्वतः फार आकांडतांडव केलं नाही. या आवृत्तीने युद्धाचं उदात्तीकरण होत नाही, पण गाणं भावुक आणि काहीसं उथळ होतं, अशा अर्थाचं ते बोलले. मी त्यांच्याइतका उदार नाही. ते चौथं कडवं म्हणण्यासाठीच आधीची तीन आहेत. ते काढल्यावर जे उरतं ते सुरेल आहे, आणि कोणालाही चालण्यासारखं आहे. हेच 'मटिल्डा'चंही. वेळ नाही म्हणून शेवटचं कडवं कापणारे कार्यक्रम पाहिले की वाटतं, त्यापेक्षा दुसरं छोटं गाणं घ्या.

ते फक्त युद्धावरच लिहितात का?

मुळीच नाही. गाडीखाली सापडलेल्या मांजरावर त्यांचं एक गाणं आहे, 'नोबडीज मॉगी नाऊ', आणि त्यावर लोक पोट धरून हसतात. 'लिटल गोमेझ' हे चिवावा जातीच्या चिमुकल्या कुत्र्याच्या अशक्य प्रेमाबद्दल आहे. 'डू यू नो एनी बॉब डिलन?' हे मैफलीत सारखी फर्माईश करणाऱ्यांसाठी. त्यांच्या मैफलीत रडवणारं गाणं आणि असला वात्रटपणा पाठोपाठ यायचा.

गंभीर गाण्यांतलं मला सर्वांत आवडतं 'नाऊ आय'म ईझी'. ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या भागातला छोटा शेतकरी बोलतो आहे. साठ वर्षं शेती केली. दुष्काळ, वणवा, पूर सगळं पाहिलं. बायको बाळंतपणात गेली, डॉक्टर पोचण्यासारखा नव्हता. मागे दोन मुलगे, एक मुलगी आणि पाण्यासाठी टाहो फोडणारी जमीन. हे तो गाऱ्हाणं म्हणून सांगत नाही. आता बरं चाललंय, म्हणतो. माणदेशातल्या किंवा मराठवाड्यातल्या श्रोत्याला इथे भाषांतर लागणार नाही.

'माय यंगेस्ट सन केम होम टुडे' हे उत्तर आयर्लंडमधल्या हिंसाचारावरचं. शवपेटीतून मुलगा घरी येतो. तो कोणत्या बाजूचा होता हे गाणं सांगतच नाही, आणि त्यामुळे दोन्ही बाजूंच्या आईला ते म्हणता येतं. मेरी ब्लॅक आणि बिली ब्रॅग या दोघांनीही ते गायलं आहे. 'सिंगिंग द स्पिरिट होम' वर्णभेदाच्या काळातल्या दक्षिण आफ्रिकेच्या तुरुंगातलं. फाशीकडे निघालेल्या कैद्याला बाकीचे कोठड्यांतून गाऊन निरोप देतात. कॅनडाचे गायक स्टॅन रॉजर्स 1983 मध्ये विमानातल्या आगीत गेले, त्यांच्यासाठी 'सेफ इन द हार्बर' आहे.

त्यांचा आवाज कसा आहे?

साधा, किंचित खरखरीत, स्कॉटिश 'र' सोडता लक्षात राहावा असा नाही. तांत्रिकदृष्ट्या त्यांच्यापेक्षा चांगलं गाणारे डझनभर निघतील. पण शब्द एकही हरवत नाही. ग्लासगोचे जॉन मन्रो हे त्यांचे अनेक वर्षांचे साथीदार, स्वतःही गीतकार. ते 2018 मध्ये वारले.

मानसन्मान?

1986 मध्ये संयुक्त राष्ट्रांचं शांतता पदक, 1987 मध्ये 'ऑर्डर ऑफ ऑस्ट्रेलिया'. 2001 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या गीतकार-संगीतकारांच्या हक्कसंस्थेने देशाची सार्वकालिक तीस गाणी निवडली, त्यात 'मटिल्डा' होतं. ब्रिस्बेनच्या परीक्षकांना एवढं पुरे.

ऐकायला सुरुवात कुठून करू?

'मटिल्डा' आधी बोगल यांच्याच आवाजात, मग जून टेबर. त्यानंतर द पोग्ज या बँडची 1985 ची आवृत्ती. त्यांचा गायक शेन मॅकगोवन ते गातो तेव्हा खरोखरच एखादा दारुडा माजी सैनिक गुत्त्यात गोष्ट सांगतोय असं वाटतं. 'ग्रीन फील्ड्स'साठी फ्युरी बंधू. अल्बम ऐकायचा तर 'नाऊ आय'म ईझी' किंवा 'स्क्रॅप्स ऑफ पेपर'. इंग्रजी गाण्याचे शब्द पटकन कळत नसतील तर पहिल्यांदा शब्द समोर ठेवून ऐका. ही गाणी पार्श्वसंगीत म्हणून लावण्यात अर्थ नाही.

गिटारवर वाजवायला अवघड आहेत का?

नाहीत. नेहमीचे मोजके कॉर्ड, तीन मात्रांचं झुलतं वजन. दादरा कानात बसलेल्या माणसाला लगेच सापडतं. अवघड आहे ते आवरणं. नवशिके 'मटिल्डा'च्या इस्पितळाच्या कडव्यात आवाज चढवतात. तिथे उतरवायचा असतो.

आमच्या कार्यक्रमात हे गाणं म्हटलं तर चालेल ना? लोकगीतच आहे.

लोकगीत नाही. कवी हयात आहे आणि गाण्यावर स्वामित्वहक्क आहे. घरगुती बैठकीत म्हणायला कोणी अडवणार नाही. तिकीट लावून कार्यक्रम करणार असाल, ध्वनिमुद्रण करून टाकणार असाल किंवा मराठीत रूपांतर करून गाणार असाल, तर रीतसर परवानगी घ्या, आणि निवेदनात बोगल यांचं नाव घ्या. कडवी सगळी म्हणा.